प्लास्टिक कुजते म्हणजे नेमके काय होते? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात वनस्पतींपासून तयार होणाऱ्या आणि कुजणाऱ्या प्लास्टिकविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. या विषयात तीस वर्षे काम करून आता परभणीत राहणाऱ्या एका निवृत्त रसायनतज्ज्ञ बाईंकडे आम्ही ती सोपवली. त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत देत आहोत. पत्रलेखकांची आणि बाईंची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र घेऊन शिकते आहे. आपण या विषयाकडे कशा वळलात? मला यात काम करायचे असेल तर पुढे काय शिकावे? घरचे म्हणतात, सरळ बी.एड. कर. (एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

उत्तर : आमच्या घरी उन्हाळ्यात कुरडया होत. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, पिळून त्याचा चीक काढायचा, तो रात्रभर खाली बसू द्यायचा, सकाळी वरचे पाणी ओतून टाकायचे आणि मग चुलीवरच्या पातेल्यात तो हटवत राहायचा, असा तो कार्यक्रम असे. चीक शिजला की पांढऱ्याचा पारदर्शक होतो, हे आपणही पाहिले असेल. आई सोऱ्याने कुरडया घालण्यात गुंतली की माझे लक्ष पातेल्याच्या काठाकडे असे, कारण तिथे चिकटलेला चीक वाळला की त्याचा पातळ पापुद्रा सुटून येई. तो उजेडासमोर धरला तर पलीकडचे अंधुक दिसे आणि दोन्ही टोकांनी ओढला तर थोडा ताण सोसून मग तुटे. पुढे एम.एस्सी.च्या वर्गात सरांनी फळ्यावर ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी काढून स्टार्चमधल्या, म्हणजे चिकातल्या, या साखळीला अमायलोज म्हणतात असे सांगितले, तेव्हा मला पुस्तकातले काहीही न आठवता तो पापुद्रा आठवला. मी विषय निवडला असे म्हणण्यापेक्षा विषय माझ्या हाताला आधीच चिकटलेला होता, असे म्हणणे जास्त खरे ठरेल.

पीएच.डी.साठी मी ज्वारीचे स्टार्च घेतले. खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की कणसावर बुरशी येऊन दाणा काळा पडतो, अशा ज्वारीला बाजारात कोणी विचारत नाही, आणि तिच्यातले स्टार्च मात्र बऱ्याच अंशी शाबूत असते, हा त्यामागचा विचार होता. स्टार्च पाण्यात शिजवायचे, त्यात ग्लिसरीन घालायचे, काचेवर ओतून वाळवायचे आणि सुटलेल्या फिल्मचे गुणधर्म मोजायचे, इतके ते काम वरवर सोपे होते. जुलैत केलेली फिल्म ओल्या धोतरासारखी लोळागोळा होई आणि तीच कृती मार्चमध्ये केली तर फिल्म पापडासारखी कडाकड मोडे. ग्लिसरीन वाढवले तर ती मऊ होई पण ताकद जाई, कमी केले तर तडे जात. कारण असे की स्टार्चच्या साखळीवर हायड्रॉक्सिल गट ठासून भरलेले असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. शिवाय शिजताना विस्कटलेल्या साखळ्या काही दिवसांत पुन्हा शेजारी शेजारी लागून बसतात आणि पदार्थ कडक होतो. सकाळची मऊ भाकरी संध्याकाळी कडक होते, त्यामागेही हेच कारण आहे. ती नुसती वाळलेली नसते. या एका अडचणीत माझी दोन वर्षे गेली, आणि ती वाया गेली असे मला त्या वेळी वाटत होते.

आता आपल्या शिक्षणाविषयी. एम.एस्सी. सेंद्रिय रसायनशास्त्रात किंवा पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंच्या शास्त्रात, करावे. त्यासाठी लगेच पुणे-मुंबई गाठायलाच हवे असे नाही: छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग आणि प्लास्टिक-अभियांत्रिकीची सिपेट ही संस्था आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, आणि २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा परिसर जालन्यात सुरू झाला आहे. संशोधनाकडे जायचे असेल तर नेट किंवा गेट यांची तयारी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला न ठेवता आतापासूनच करावी, कारण शिष्यवृत्ती मिळाली की घरच्यांचा विरोध निम्म्याने कमी होतो, हे मी अनुभवाने सांगते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरवरचे काम फार जुने आहे. पीएच.डी.ला पाच वर्षे धरून चालावे. नोकऱ्या वेष्टन-उद्योगात, रेझिनच्या कारखान्यांत, चाचणी-प्रयोगशाळांत आणि अलीकडे साखर-आसवनी उद्योगातही निघतात, पण त्या ढिगाने नसतात. आणि एक गोष्ट अभ्यासक्रमात कोणी सांगत नाही: सूक्ष्मजीवशास्त्र शिकून घ्यावे. हे प्लास्टिक बनवते रसायनशास्त्र, परंतु ते खातात जीवाणू आणि बुरशी, आणि त्यांच्या आवडीनिवडी ठाऊक नसलेला रसायनज्ञ अर्धाच प्रयोग करतो. बी.एड.मध्ये कमीपणा काहीच नाही. फक्त ते एम.एस्सी.नंतरही करता येते.

प्रश्न : वनस्पतीपासून केलेले प्लास्टिक म्हणजे आपोआप कुजणारेच ना? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : नाही. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून मोठ्या प्रमाणावर पॉलिथीन बनते. त्याचा रेणू खनिज तेलाच्या पॉलिथीनसारखाच असल्याने ते तितकेच चिवट आहे आणि तितकेच कुजत नाही. उलट, पीबीएटी नावाचे पॉलिमर मुख्यतः खनिज तेलापासून करतात आणि ते जीवाणू खातात. कुठून आले आणि कुठे जाईल हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि जाहिरातीत पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी खपवले जाते.

प्रश्न : दुकानातून आणलेल्या पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ असे छापले होते. मी ती मोगऱ्याच्या कुंडीत पुरली. वर्षाने माती बदलताना पिशवी जवळजवळ तशीच निघाली, छापलेली अक्षरेसुद्धा वाचता आली. ही फसवणूक नाही का? (एक गृहिणी, लातूर)

उत्तर : फसवणूक असेलच असे नाही, परंतु आपल्याला अर्धीच गोष्ट सांगितली गेली, एवढे नक्की. ‘कंपोस्टेबल’ हा शब्द ज्या मानकावर आधारलेला आहे त्यातली चाचणी ५८ अंश सेल्सिअसला, चांगल्या ओलसर आणि जिवंत कंपोस्टमध्ये होते. त्यात १८० दिवसांच्या आत पदार्थातल्या कार्बनपैकी ९० टक्के कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडावा लागतो, आणि १२ आठवड्यांनंतर चाळले असता २ मिलिमीटरच्या चाळणीवर फार तर १० टक्के तुकडे उरावे लागतात. आपल्या कुंडीत ५८ अंश तापमान झाले असते तर आधी मोगरा गेला असता.

तापमानाचा एवढा बाऊ का, हे समजण्यासाठी पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, या पॉलिमरचे उदाहरण घेऊ. अशा पिशव्यांत बहुधा पीबीएटीबरोबर ते किंवा स्टार्च मिसळलेले असते. साखर किंवा स्टार्च आंबवून लॅक्टिक आम्ल मिळते, दही ज्याने आंबट होते तेच हे आम्ल, आणि त्याच्या हजारो रेणूंची साखळी म्हणजे पीएलए. ही साखळी इतकी लांब असते की जीवाणूंना ती सहजासहजी खाता येत नाही. आधी पाण्याने तिचे तुकडे करावे लागतात, आणि ते पुरेसे बारीक झाले की मगच जीवाणू पंगतीला बसतात. साधारण ५५ ते ६० अंशांच्या खाली पीएलए काचेसारखे घट्ट असते, साखळ्या जागच्या हलत नाहीत आणि पाण्याला आत शिरकाव मिळत नाही. त्या तापमानापर्यंत पोचले की साखळ्या सैल होतात आणि तुटण्याचा वेग झपाट्याने वाढतो. म्हणजे उष्णता आणि ओल ही दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी आणि काही आठवडे सलग लागतात. आपल्या मराठवाड्याचा घोटाळा इथेच आहे. मे महिन्यात उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग हात टेकवणार नाही इतका तापतो, पण तिला भेगा पडलेल्या असतात आणि ओलीचा पत्ता नसतो. पाऊस पडून ओल येते तेव्हा जमीन निवलेली असते. या पिशवीला हवा असलेला ऋतू आपल्या पंचांगातच नाही.

मग तो कुठे मिळतो? उकिरड्याच्या पोटात. थंडीच्या दिवसांत सकाळी उकिरडा उपसताना आतून वाफा निघतात, हे गावाकडे सगळ्यांनी पाहिलेले असते. ताजे शेण, ओला पाला आणि हवा यांचा मेळ बसला की आतले जीवाणूच ती उष्णता निर्माण करतात. आपल्या घराजवळ असा ढीग असेल तर पिशवी फाडून, तुकडे करून त्याच्या मधोमध घालावी. कडेला किंवा वर ठेवून उपयोग नाही. नसेल तर ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्यावी, अर्थात गावात खत-प्रकल्प खरोखर चालू असेल तरच त्याला अर्थ आहे. खरेदी करताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक पिशवीवर आहे का, हेही पाहावे. तो नसेल आणि नुसते हिरवे पान छापलेले असेल, तर मात्र ‘फसवणूक’ हा आपला शब्द बरोबर आहे.

या चाचणीशी माझी जुनी ओळख असल्याने थोडे विषयांतर करते. पुण्याहून मराठवाड्यात परतल्यावर मी जिथे काम करत होते तिथे ही चाचणी आम्ही हाताने करायचो. ५८ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये कंपोस्ट आणि फिल्मचे तुकडे भरलेल्या बाटल्या, त्यांतून निघणारा वायू अल्कलीच्या द्रावणात शोषून घ्यायचा आणि रोज उरलेली अल्कली ब्युरेटने, म्हणजे मापाच्या नळीतून थेंबथेंब आम्ल सोडून, मोजायची. गुलाबी रंग जाण्याचा तो एक थेंब पकडण्यात डोळ्यांना इतकी सवय झाली की आजही बीट शिजवलेल्या पाण्यात लिंबू पिळताना माझा हात थबकतो. शेजारी एका बाटलीत शुद्ध सेल्युलोज असते. ते ४५ दिवसांत ७० टक्क्यांच्या पुढे कुजले नाही, तर कंपोस्टच नीट नाही असे समजून सगळी चाचणी रद्द धरायची, असा नियम आहे. ती भारनियमनाची वर्षे होती. वीज दिवसाचे कित्येक तास जाई, इन्क्युबेटर थंड पडे आणि जीवाणू सुस्तावत. जनरेटरसाठी केलेला अर्ज कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता, तोवर मी घरून आईने शिवलेली जाड वाकळ आणून इन्क्युबेटरवर पांघरली. पाहायला आलेले सगळे हसत, पण तापमान उतरण्याचा वेग तिने खरोखर कमी केला. तरीही पंचेचाळिसाव्या दिवशी सेल्युलोज साठीच्याही अलीकडेच अडकले आणि माझी दीड महिन्याची टायट्रेशने, म्हणजे ती रोजची मोजमापे, एका रेघेने खोडली गेली. त्या वहीतले ते पान मी ठेवले आहे.

प्रश्न : टरबूज आणि मिरचीला मल्चिंग पेपर वापरतो. पीक निघाल्यावर तो गोळा करायला मजूर लावावे लागतात आणि तरी तुकडे रानात राहतातच. कुजणारा पेपर मिळतो म्हणतात. घ्यावा का? (एक शेतकरी, फुलंब्री)

उत्तर : आपण ज्याला पेपर म्हणतो तो कागद नसून २५-३० मायक्रॉनची पॉलिथीनची फिल्म असते. ऊन खाऊन ती ठिसूळ होते, ओढताना फाटते, आणि निघते तीही मातीने इतकी माखलेली की भंगारवालासुद्धा तोंड फिरवतो. मग ती बांधावर जाळली जाते, आणि ते सर्वांत वाईट.

कुजणारी फिल्म आहे, परंतु विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा: ही कंपोस्टमध्ये कुजणारी आहे की मातीत? वरच्या उत्तरातले ५८ अंशांचे मानक शेताच्या उपयोगाचे नाही. मातीत कुजणाऱ्या मल्चिंगसाठी युरोपने २०१८ मध्ये वेगळे मानक केले. त्यात २० ते २८ अंशांच्या मातीत दोन वर्षांच्या आत ९० टक्के कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. अशा फिल्ममध्ये मुख्यतः पीबीएटी आणि त्याबरोबर स्टार्च किंवा पीएलए असते. पीक निघाले की ठिबकच्या नळ्या गोळा करायच्या आणि फिल्म रोटाव्हेटरने मातीत मिसळायची. ती जितकी ओल्या मातीत गाडली जाईल तितकी लवकर जाते. वर उघडी राहिलेली किनार मात्र उन्हाळाभर वाऱ्यावर उडत राहते. किंमत पॉलिथीनपेक्षा बरीच जास्त पडते. गोळा करण्याची मजुरी वजा करूनही ती परवडते का, याचा हिशेब दोन-चार सरींवर लावून पाहिल्याशिवाय मी कोणालाही पूर्ण रानात घालायला सांगणार नाही. आपल्याकडचे ऊन युरोपातल्यापेक्षा कडक असल्याने फळ धरण्याच्या आधीच तिला चिरा पडण्याचा धोकाही आहे, आणि एकदा चिरा पडल्या की तण त्यांतून बरोबर डोके काढते.

‘ऑक्सो’ असे लिहिलेली फिल्म मात्र घेऊच नये. ती साधे पॉलिथीनच असते. त्यात धातूचे क्षार घातल्याने तिचे उन्हात लवकर तुकडे होतात, आणि डोळ्यांना दिसेनासे होणे यालाच कुजणे म्हटले जाते. युरोपीय संघाने अशा वस्तूंवर २०२१ मध्ये बंदी घातली. ज्यांच्या शेजारी ऊस आहे त्यांनी मिरचीला पाचटाचे आच्छादन करून पाहावे. ते पसरायला जड जाते, पण त्याच्या कुजण्याविषयी मला कोणी पत्र लिहिणार नाही.

प्रश्न : उसापासून प्लास्टिक करायचे म्हणजे आणखी ऊस, आणि आणखी ऊस म्हणजे आणखी पाणी. ज्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात हे शहाणपणाचे आहे का? (एक निवृत्त शिक्षक, हिंगोली)

उत्तर : गुरुजी, आपला प्रश्न मला परिषदांमध्ये विचारला गेला असता तर बरे झाले असते. कागदावरचा हिशेब असा आहे: एक किलो साखरेपासून साधारण एक किलो लॅक्टिक आम्ल होऊ शकते, आणि त्याची साखळी जोडताना पाणी बाहेर पडत असल्याने त्यातून फार तर ८०० ग्रॅम पीएलए मिळते. प्रत्यक्षात त्याहून कमी. शिवाय आंबवताना आम्लता वाढून जीवाणू मरू नयेत म्हणून चुना घालण्याची जुनी पद्धत वापरली, तर शेवटी प्रत्येक टन लॅक्टिक आम्लामागे जवळजवळ एक टन जिप्सम शिल्लक राहते. त्याचे काय करायचे हा वेगळाच प्रश्न असतो.

आपल्या देशात आता हे काम प्रयोगशाळेबाहेर पडले आहे. जेजुरीजवळ प्राज इंडस्ट्रीजचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, आणि उत्तर प्रदेशातल्या एका साखर-समूहाने त्याच वर्षी मोठ्या पीएलए कारखान्याची घोषणा केली. गंगेच्या खोऱ्यात ते कदाचित बसेल. मराठवाड्यात प्लास्टिकसाठी म्हणून उसाचे एक टिपरूही जास्त लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि यावरून माझे काही सहकाऱ्यांशी वाजलेही आहे.

पऱ्हाटीचे मात्र मला अजून आकर्षण आहे. कापूस वेचून झाला की ती उपटून जाळतात किंवा चुलीत घालतात, आणि तिच्यासाठी वेगळे पाणी कोणी देत नाही. तिच्यातले सेल्युलोज म्हणजेही ग्लुकोजचीच साखळी, फक्त कड्यांची जोडणी वेगळी. पण ती लिग्निनच्या, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थाच्या, पिंजऱ्यात अडकलेली असते. तो पिंजरा मोडायला उष्णता, आम्ल किंवा अल्कली लागते आणि नंतर महागडी विकरे. दुसरी अडचण रसायनशास्त्राची नाहीच. पऱ्हाटी हलकी आणि पसरट असते, ट्रॉली दिसायला डोंगराएवढी भरते आणि काट्यावर वजन मात्र किरकोळ निघते. पंचवीस-तीस किलोमीटरवरून ती आणायची म्हटले तर डिझेलच सगळे खाऊन टाकते. गावागावांत तिचे तुकडे करून, दाबून गठ्ठे करण्याची सोय झाली तर पुढचे बोलता येईल.

प्रश्न : राग मानू नये, पण तीस वर्षांच्या कामातून बाजारात आलेली एखादी वस्तू दाखवता येईल का? (एक वाचक, सेलू)

उत्तर : राग कसला? एकही वस्तू नाही. मी काम केलेले कोणतेही मिश्रण कारखान्यापर्यंत पोचले नाही. एकदा पीएलएच्या फिल्मसाठी एका उद्योजकाच्या यंत्रावर चाचणी ठरली होती. ऐन श्रावणातला दिवस होता, पीएलएचे दाणे नीट वाळवलेले नव्हते, आणि यंत्रातून आलेल्या फिल्ममध्ये अनारशाच्या जाळीसारखे बुडबुडे होते. वितळलेल्या पीएलएत ओलाव्याचा अंश राहिला तर साखळ्या तिथल्या तिथे तुटतात, हे मला माहीत होते, पण रात्रभर ड्रायर चालू ठेवण्याचा आग्रह मी धरला नाही. ती चूक माझी. पुन्हा बोलावणे आले नाही.

या विषयाची चालच संथ आहे, हेही नमूद करायला हवे. जीवाणू आपल्या पोटात चरबीसारखा साठवतात त्या पीएचबी या पॉलिमरचा शोध मॉरिस लेमोइन्य यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९२६ च्या सुमारास लावला. नायलॉनवाल्या कॅरोथर्स यांनी १९३२ मध्ये पीएलए तयार केले, पण त्या काळी त्याच्या साखळ्या आखूड राहिल्याने ते बाजूला पडले. त्याचा मोठा कारखाना अमेरिकेत उभा राहायला २००२ साल उजाडले. तेव्हा तीस वर्षे म्हणजे फार झाली असे मला वाटत नाही.

आपले पत्र आले त्याच आठवड्यात मी माळ्यावरचा नमुन्यांचा डबा खाली काढला. पाकिटांवर माझ्या अक्षरात तारखा होत्या. काळ्या पडलेल्या ज्वारीची फिल्म पिवळी झाली होती आणि तिचे तीन कोपरे कसरीने कुरतडले होते. लेबलामागची खळसुद्धा तिने सोडली नव्हती. त्याच पाकिटातली पीएलएची पट्टी मात्र ठेवली तशीच होती, आणि वाकवली तेव्हा नव्या पट्टीसारखा कट्‌ असा आवाज करून तिचे दोन तुकडे झाले.